‘पण’ कुठे टाकता, त्यावर सगळं ठरतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो बरोबर कळलाय की नाही हे तुम्हाला पाहता येईल. तुम्ही एक गेम ४५ तास खेळून संपवलात. पहिले दहा तास वेड लागल्यासारखे गेले. मग कथेतल्या प्रत्येक प्रसंगाआधी त्याच तीन जातींच्या शत्रूंची टोळी आडवी यायला लागली, मारामारी हाताला पाठ झाली, दोनदा गेम क्रॅश झाला, आणि तरीही शेवटाने तुम्हाला रडवलं. मग तुम्ही लिहिलंत: ‘कथा जबरदस्त, ग्राफिक्स सुंदर, कॉम्बॅट ठीकठाक, बग आहेत. १० पैकी ७.’ ज्यांना गेम आवडला होता ते म्हणाले, तुम्हाला तो कळलाच नाही. ज्यांना आवडला नव्हता ते म्हणाले, भलामण केलीत. आता तुम्ही विचारताय की चांगल्या-वाइटाची अशी सरमिसळ असलेल्या गेमवर प्रामाणिक मत द्यायचं तरी कसं.

गेमचं नाव दिलं नाहीत हे एका परीने बरं झालं, नाहीतर आपण दोघं त्या गेमवरच भांडत बसलो असतो. मी गेली १४ वर्षं गेमवर लिहितोय, त्यातली पहिली ६ गुण देण्याच्या सक्तीखाली. दोन्हीकडून बोलणी खाल्ली म्हणजे आपण बरोबर मधोमध उभे आहोत, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. बहुतेक वेळा तसं नसतं. आपण नक्की काय म्हणालो हे कोणालाच कळलेलं नसतं, एवढंच.

तुमची चारही विधानं खरी असतील. अडचण अशी की ती हजेरीपटासारखी एकाखाली एक उभी आहेत: कथा हजर, ग्राफिक्स हजर, कॉम्बॅट आजारी. मारामारी ठीकठाक होती, तर त्यामुळे त्या जबरदस्त कथेचं काय झालं? तिला धक्का लागला, की कथेने मारामारी सांभाळून नेली? वाचकाला हवं असतं ते हे, आणि नेमकं तेच तुमच्या चार वाक्यांत नाही. सगळीकडे स्वल्पविराम आहेत, एकही ‘पण’ नाही.

ही दोन वाक्यं बघा. ‘मारामारी कंटाळवाणी आहे, पण कथा शेवटपर्यंत धरून ठेवते.’ आणि ‘कथा शेवटपर्यंत धरून ठेवते, पण मारामारी कंटाळवाणी आहे.’ माहिती तीच, शब्दही तेच. पहिलं वाचून माणूस गेम खेळायला घेईल, दुसरं वाचून थांबेल. ‘पण’च्या पुढे जे येतं त्याचं पारडं जड होतं. त्यामुळे लिहायला बसण्याआधी मी एकच गोष्ट ठरवतो: या गेमच्या बाबतीत ‘पण’च्या पुढे काय येणार? ते ठरलं की बाकीचं परीक्षण आपोआप रांगेत येतं. न ठरवता लिहायला घेतलं, की ७ गुण पडतात. ७ हा आकडा ‘मला ठरवता आलं नाही’ हे सभ्यपणे सांगण्यासाठीच असल्यासारखा झालाय.

बेरीज-वजाबाकीचा मोह का होतो ते मला माहीत आहे, मी ती वर्षानुवर्षं केली आहे. कथेला ९, चित्रांना ८, मारामारीला ५, मग सरासरी. या पद्धतीचं काय होतं ते बघायला २०१० सालचा ‘डेडली प्रीमोनिशन’ घ्या. गाडी चालवणं म्हणजे शिक्षा, गोळीबार जुनाट, चित्रं त्या काळाच्या मानानेही मागासलेली. आणि या सगळ्याच्या मध्यभागी एक एफबीआय एजंट, जो गाडी चालवता चालवता आपल्या डोक्यातल्या सोबत्याशी जुन्या सिनेमांवर गप्पा मारतो. गेमची परीक्षणं छापणाऱ्या दोन साइट घ्या: आयजीएनने त्याला १० पैकी २ दिले आणि डिस्ट्रक्टॉइडने १० पैकी १०. सरासरी काढली तर ६ येते. हे ६ नक्की कोणाचं मत? तो गेम खेळून ‘बरा आहे’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आकडा निरुपद्रवी असता तर मी एवढा चिडलोही नसतो. त्याच वर्षीच्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’ची गोष्ट जगजाहीर आहे. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर ८५ गाठले तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन या स्टुडिओला बोनस मिळणार होता, मिळाले ८४. ऑब्सिडियनच्या एका सहसंस्थापकानेच २०१२ मध्ये हे उघड सांगितलं. त्या गेमचं लेखन आजही नावाजलं जातं आणि बाजारात आला तेव्हा तो बगांनी भरलेला होता, या दोन्ही गोष्टी खऱ्या. तो एक गुण कशापायी गेला हे ८४ कडे कितीही वेळ बघत बसलं तरी कळणार नाही. युरोगेमर या परीक्षणांच्या साइटने २०१५ मध्ये गुण देणं बंद केलं होतं, २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपात ते परत आणलं. म्हणजे त्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही, तेव्हा आपण वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

तर ‘पण’ची जागा कशी ठरवायची? माझ्या दोन कसोट्या आहेत. पहिली साधी आहे. दुसरीवर मी जरा रेंगाळणार आहे.

पहिली कसोटी: दोष तुमच्या हातांच्या किती वेळात येतो? गेममध्ये तुम्ही बहुतेक वेळ जे करत असता, तोच गेम. बाकी सगळं त्याच्या अवतीभवती. तुमच्या ४५ तासांचे ढोबळ तुकडे पाडून बघा: मारामारी किती, चालणं किती, संवाद किती, मेनूत बसणं किती. मारामारी २५ तास निघाली तर ‘ठीकठाक’ हा शब्द फार सौम्य झाला. निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही कंटाळला होतात. ६ तास निघाली तर तो दोष परिच्छेदाच्या मधे कुठेतरी सांगून पुढे जाता येतं.

२०११ च्या ‘ड्रॅगन एज २’मध्ये तीच गुहा, एखादं दार बंद, एखादं उघडं, अशी परत परत वापरली होती. गुहा म्हणून ती वाईट नव्हती. दोष तिच्या दहाव्या खेपेत होता, आणि ती दहावी खेप टाळता येत नव्हती, कारण जिथे जाल तिथे तीच. सोबत्यांचे संवाद झकास असूनही त्या गेमबद्दल बोलताना माझा ‘पण’ गुहेच्या बाजूने पडतो. उलट २०१५ चा ‘मेटल गिअर सॉलिड ५’ घ्या. दुसऱ्या भागात जुन्याच मोहिमा जास्त कठीण करून पुन्हा समोर येतात आणि कथेचा एक धागा सरळ लोंबकळत राहतो. कथाकथन म्हणून ही नामुष्की आहे. पण त्या गेममध्ये तुमचे हात बहुतेक वेळ चौकीच्या बाहेर झुडपात पडून आत शिरायचा रस्ता शोधत असतात, आणि ते काम ऐंशीव्या तासालाही शिळं होत नाही. माझा ‘पण’ तिथे खेळण्याच्या बाजूने.

अपवाद आहे. वेळ थोडा, पण जागा मोक्याची असेल तर? शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, टुकार असेल, तर २० मिनिटांचा दोष ४० तासांवर पाणी टाकू शकतो, कारण माणूस तीच चव घेऊन उठतो. इथे घड्याळ पुरत नाही, तारतम्य लागतं.

यासाठी मी खेळताना शेजारी वही ठेवतो. नंतर आठवून लिहिलं तर गेमचा शेवट सगळ्या आठवणी आपल्या रंगात रंगवून टाकतो. तुमच्याही बाबतीत ते झालं असावं असा मला संशय आहे. एका जुन्या वहीतलं पान जसंच्या तसं देतो, फक्त गेमचं नाव गाळून:

‘०:५० पावसात दिवा विझतो!!
२:१५ नकाशा उघडायला फार वेळ. वैताग.
९:४० नकाशा उघडतच नाही आता, रस्ते पाठ झालेत. म्हणून तो असा ठेवलाय का?
१४:०५ परत तळघर.
१६:३० परत तळघर.
१७:१० फोनवर बोलता बोलता मारामारी केली.’

शेवटची ओळ लिहिताना ती निकाल आहे हे मला कळलंही नव्हतं. शिव्या घालत मारामारी केली असती तर निदान तिने मला गुंतवलं असतं. मी फोनवर बोलत होतो, म्हणजे गेमला माझी गरज उरली नव्हती. परीक्षणात ‘कॉम्बॅट रिपीटेटिव्ह आहे’ असं लिहिण्याऐवजी मी ‘सतराव्या तासाला मी फोनवर बोलत लढत होतो आणि एकदाही मेलो नाही’ असं लिहिलं. त्यावर कोणी वाद घातला नाही. घालणार काय? ‘रिपीटेटिव्ह’ हे मत आहे, फोन ही घडलेली गोष्ट आहे.

आणि २:१५ ते ९:४० हा प्रवासही बघा. तीच गोष्ट तक्रार म्हणून सुरू झाली आणि कौतुक होऊन संपली. दोन तासांवर थांबलो असतो तर तो नकाशा मी दोषांच्या यादीत टाकला असता. इथून दुसरी कसोटी सुरू होते.

दुसरी कसोटी: दोष आणि गुण एकाच मुळातून उगवलेत का? तपासायची रीत अशी. तो दोष मनातल्या मनात काढून टाका आणि बघा, त्याच्याबरोबर आणखी काय जातं. काहीच गेलं नाही, तर तो निव्वळ दोष, बेधडक झोडपा. तुम्हाला आवडलेलं काही त्याच्यासोबत गेलं, तर तुम्ही ज्याला दोष म्हणताय ती त्या गुणाची किंमत आहे, आणि परीक्षणात ती किंमत म्हणूनच सांगायला हवी.

२०१६ चा ‘द लास्ट गार्डियन’ यासाठी मला फार उपयोगी पडतो, कारण त्यात दोन्ही जातींचे दोष शेजारी शेजारी नांदतात. एक लहान मुलगा आणि ट्रिको नावाचं एक प्रचंड जनावर, थोडं पक्षी, थोडं मांजर, थोडं कुत्रं. तुम्ही मुलाला चालवता; ट्रिकोला फक्त सांगू शकता. समोर उंचावर एक कठडा आहे. तुम्ही त्याच्या पाठीवर बसून कठड्याकडे हात करून ओरडता. तो तिकडे बघतो. मग दुसरीकडे बघतो. कान खाजवतो. तुम्ही पुन्हा ओरडता. तो दोन पावलं जातो, वास घेतो, परत फिरतो. अनेकांनी कंट्रोलर आपटला असेल तो इथेच. आता हा दोष काढून टाका. ट्रिको पहिल्या हाकेला उडी मारतो. काय उरलं? पंख असलेली गाडी. तो ऐकत नाही म्हणूनच, शेवटी न सांगता तुमच्यासाठी झेपावतो तेव्हा पोटात कालवतं. न ऐकणं आणि ते कालवणं यांचं मूळ एकच आहे.

त्याच गेमचा कॅमेरा घ्या. अरुंद जागेत तो भिंतीत किंवा ट्रिकोच्या पिसांत घुसतो आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. हा दोष काढला तर काय जातं? काही नाही. फ्रेमरेटचंही, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचंही, तसंच. मूळ डिस्कवरची, पॅच (नंतरची दुरुस्ती) न लावलेली आवृत्ती सोनीच्या नंतरच्या पीएस५ कन्सोलवर चालवली तर हाच गेम ६० फ्रेम्सने पळतो, आणि जनावर तितकंच हट्टी राहतं. म्हणजे एकाच गेमच्या दोन तक्रारी वाचकाला वेगवेगळ्या सुरांत सांगाव्या लागतात: ‘कॅमेरा वाईट आहे’ आणि ‘जनावर ऐकत नाही, ते तुम्हाला सोसवेल का ते बघा’.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) मध्येही अशी जोडी सापडते. शिकार केली की कातडं सोलण्याचं दृश्य दर वेळी पूर्ण बघावं लागतं, तळावर पळता येत नाही, कपाटातला एकेक डबा हाताने उचलावा लागतो. हे सगळं काढा. जग लगेच वेगवान होतं आणि त्याचं वजन जातं. संथपणा ही त्या वजनाची किंमत आहे. पण त्याच गेममध्ये मोहिमेला लागलात की नेमून दिलेल्या वाटेवरून थोडं बाजूला गेलात तरी मोहीम फसते. हे बाकीच्या गेमच्या विरुद्ध आहे. बाहेर ‘कुठेही जा’ म्हणणारं जग मोहिमेत शिरलं की तुमचं बोट धरून चालवतं. हा दोष काढला तर गेम उलट जास्त स्वतःसारखा होईल. म्हणून संथपणाबद्दल मी हळू बोलतो आणि मोहिमांबद्दल मोठ्याने.

एक सावधगिरी सांगतो, कारण या कसोटीचा गैरवापर चाहते सर्रास करतात. ‘ते मुद्दाम तसं केलंय’ हे उत्तर नाही. मुद्दाम केलेली गोष्टही वाईट असू शकते. निर्मात्याच्या मनात काय होतं हे आपल्याला बघायचंच नाही. तो दोष गेममध्ये काही काम करतो का, एवढंच बघायचं. २०१९ च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये पाठीवरच्या ओझ्याचा तोल दोन्ही ट्रिगर दाबून सांभाळत चालायचं असतं, आणि तेच काम तासन् तास करायचं असतं. ते काम करतं: पहिल्यांदा दोरखंडांचा मार्ग उभारून तुम्ही तोच डोंगर हवेतून सरकत ओलांडता तेव्हा आधीच्या प्रत्येक ठेचकाळण्याचं चीज होतं. पण त्याच गेममधली लांबलचक समजावण्याची दृश्यं, एकच कल्पना तीन जणांनी तीनदा सांगणारी, तीही नक्कीच मुद्दामच ठेवली आहेत. त्यांचं काम मला आजवर सापडलेलं नाही.

तर आतापर्यंत इतकं: दोष किती वेळ हातात येतो ते बघा, आणि तो काढला तर काय सांडतं ते बघा.

आता बग आणि क्रॅश. यांना मी या हिशेबात धरतच नाही, वेगळं ठेवतो, कारण बाकीचे दोष गेमचे असतात, हे त्या आवृत्तीचे आणि त्या यंत्राचे असतात. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी परीक्षकांना दिलेली प्रत पीसीची होती आणि सुरुवातीच्या परीक्षणांत त्यांना स्वतः टिपलेली दृश्यं वापरायला परवानगी नव्हती. भरघोस गुणांची परीक्षणं आली. मग लोकांनी तो जुन्या पीएस४ वर लावला, आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला; परत आला जून २०२१ मध्ये. चांगल्या पीसीवर खेळलेला परीक्षक खोटं बोलत नव्हता आणि पीएस४ वाला गेमरही नाही. दोघं एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत होते. सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचने त्यातली कौशल्यांची आणि पोलिसांची रचनाच बदलली, म्हणजे आणखी एक तिसरी वस्तू झाली. ‘नो मॅन्स स्काय’चंही तसंच. ऑगस्ट २०१६ मध्ये १८ वर १८ शून्यं एवढे ग्रह होते आणि त्यांवर करायला फारसं काही नव्हतं. एकमेकांसोबत नीट खेळता यायला जुलै २०१८ उजाडलं.

म्हणून परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत लिहा: कोणत्या यंत्रावर, कोणती आवृत्ती, किती तास, कोणती डिफिकल्टी, पूर्ण केला की नाही. कंटाळवाणी ओळ आहे, पण तीन वर्षांनी तुमचं परीक्षण वाचणाऱ्याला तीच वाचवते. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका गेमने ३१व्या तासाला माझा सेव्ह, म्हणजे साठवलेली सगळी प्रगती, खाल्ला. त्या रात्री लिहिलेला मजकूर माझ्याकडे अजून आहे. तो परीक्षण नव्हता, शाप होता. दोन दिवस थांबलो, मग लिहिलं की गेम असा असा आहे, आणि खाली वेगळ्या परिच्छेदात, ‘३१व्या तासाला माझा सेव्ह गेला, एकापेक्षा जास्त सेव्ह ठेवा.’ रागावरही अन्याय नाही, गेमवरही नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि त्या मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. गेम संपवायलाच हवा का? कथेवर मत द्यायचं असेल तर हो. मारामारीवर द्यायचं असेल तर बहुतेक वेळा नाही, पण कितव्या तासाला थांबलात ते सांगायला हवं. मी एकदा मुदत गाठायची म्हणून १२ तासांवर मजकूर पाठवला, ‘लढाई दर तासाला काहीतरी नवीन देते’ अशा थाटात. तेराव्या तासापासून तिने काही म्हणता काही दिलं नाही. त्या वाक्यावरून वर्षभर ऐकून घेतलं, आणि बरोबरच होतं ते. डिफिकल्टीचंही असंच. ‘एलियन: आयसोलेशन’ला २०१४ मध्ये आयजीएनकडून ५.९ आणि पीसी गेमरकडून १०० पैकी ९३ मिळाले. ज्या गेममध्ये मुख्य शत्रूला, त्या एलियनला, मारताच येत नाही, त्याच्यापासून लपत राहायचं असतं, तिथे ‘तो फार वेळा गाठतो’ ही तक्रार आणि ‘तो फार वेळा गाठतो’ ही दाद एकाच अनुभवातून निघू शकते. तिथे तुमच्या नसा किती सोसतात ते सांगा आणि वाचकाला त्याच्या नसांचा अंदाज घेऊ द्या.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या शिक्क्याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय की तुमच्या गेमला तिथे ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ आहे, मग तुमचंच चुकतंय का. नाही. तिथे प्रत्येकजण फक्त अंगठा वर किंवा खाली करतो. ‘मिक्स्ड’ लागतं ते वर केलेले अंगठे ४० ते ६९ टक्के असतील तेव्हा. ‘मिक्स्ड’ म्हणजे लोक दुभंगलेत, प्रत्येक माणूस आतून दुभंगलाय असं नाही. ज्या गेमबद्दल शंभरातले ९० जण ‘मारामारी कंटाळवाणी, पण खेळाच’ म्हणतात त्यालाही ‘व्हेरी पॉझिटिव्ह’च मिळतं. ते ‘पण’ अंगठ्यात मावत नाही. ते लिहायलाच तर तुमची गरज आहे.

याच जागी एक व्यावहारिक मुद्दा. स्टीमवर पैसे परत मिळतात ते घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. दोष पहिल्या तासात दिसणारा असेल तर वाचक स्वतः बघून परत करू शकतो. तुम्ही ओरडला नाहीत तरी चालेल. तुमच्या गेममधला दोष अकराव्या तासाला सुरू होतो. तो वाचकाला आधी कळण्याचा तुमच्याशिवाय दुसरा मार्ग नाही. तेव्हा ‘कॉम्बॅट ठीकठाक’ हे दोन शब्द काढा आणि तो अकरावा तास लिहा.

तुमचंच परीक्षण मी असं लिहिलं असतं, तुम्ही सांगितलेल्या माहितीवर: ‘पहिले दहा तास मी जेवणखाण विसरलो. अकराव्यापासून प्रत्येक प्रसंगाच्या दारात तेच तीन शत्रू उभे राहिले आणि मी बटणं न बघता दाबायला लागलो. ४५ तासांतला बराचसा वेळ असा गेला, पण त्या दारापलीकडे काय आहे हे बघायचं सोडून द्यावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि शेवटाला मी रडलो. दोनदा क्रॅश झाला, दोन्ही वेळा शेवटच्या चेकपॉइंटपासून सुरू झाला.’ चेकपॉइंटचं मी गृहीत धरलंय, खोटं असेल तर बदला. गुण द्यावेच लागत असतील तर हे लिहून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, एकदा वाचून द्या. मजकुराकडे बघून आकडा. आकडा गाठण्यासाठी मजकूर नाही.

‘पण’ मी कथेच्या बाजूने टाकलाय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याबद्दल मला पुरती खात्री नाही, कारण एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही. शेवटाला रडलात, त्यात त्या तीन जातींच्या शत्रूंचा काही हात होता का? म्हणजे नायक त्या मारामारीला जितका विटला होता तितकेच तुम्हीही विटला होतात, आणि म्हणून ते थांबणं अंगावर आलं, असं काही? की ती मारामारी निम्मी असती तरी तुम्ही तितकेच रडला असता? शेवटाआधीचा सेव्ह असेल तर लोड करा, शेवटचा अर्धा तास पुन्हा खेळा आणि या वेळी वही जवळ ठेवा. मग वरच्या परिच्छेदात ‘पण’ आहे तिथेच ठेवायचा की तो शब्दच काढून तिथे ‘म्हणून’ लिहायचं, ते तुम्हाला दिसेल.